वारा सरला का?

सर्जिकल वॉर्डात सकाळची ड्यूटी घेतली, की हा प्रश्न घेऊन मी खाटेखाटेवरून फिरायचे. एकतीस वर्षं फिरले. जीभ इतकी सरावली होती, की एका लग्नात पंगतीला शेजारच्या मावशी ‘पोट जरा जड वाटतंय गं’ म्हणाल्या, तर माझ्या तोंडून पटकन गेलं, “वारा सरला का?” जिलबीचा आग्रह करत आलेला वाढपी तसाच पुढे निघून गेला.

पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी झोपतात. ती जागी झाली की वारा सरतो, मग पाणी, चहा, पेज, मऊ भात आणि घर. सरला नाही, तर थांबायचं. हो की नाही, एवढंच उत्तर. निदान मला पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

मी १९९२ साली नोकरीला लागले तेव्हा पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर आणि आठ-दहा दिवसांचा मुक्काम. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. भारतातलं ते पहिलं. आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावापर्यंत ती दुर्बीण यायला आणखी काही वर्षं गेली. आली तेव्हा लोक तिला ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणायला लागले. टाके असायचेच, पण तीन-चार भोकांचे, एकेक नाहीतर दोन-दोन. पेशंट दुसऱ्या दिवशी चालायचा, खोकू शकायचा, छातीत कफ साठायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना तर या दुर्बिणीने नवा जन्मच दिला म्हणायचा. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान, आणि ऑपरेशन लहान म्हणून आतडी तिसऱ्या दिवशी ताळ्यावर यायलाच हवीत, हा तो हिशेब. नातेवाइकांनी तो केला तर मी समजू शकते. आम्हीही करत होतो.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं घाटातल्या गाडीवर. अपेंडिक्स फुटून आले होते, दुर्बिणीतूनच काढलं आणि पोट आतून धुतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, “आप्पा, वारा सरला का?”

“सरला की.”

“कितीदा?”

“दोन-तीनदा झाला असंल. आता डिचार्ज द्या बाई. ऊस तोडायला टोळी आलीया, पोराला काय जमत न्हाई.”

मी कागदावर लिहिलं, आमच्या सर्जन सरांनी राऊंडला वाचलं, आप्पांना चहा-बिस्कीट मिळालं. दुपारी त्यांना उचकी लागली. सून हसून म्हणाली, “नातू आठवण काढतोय.” आप्पाही हसले. मीही हसले, हे आता लिहिताना लाज वाटते, कारण ऑपरेशननंतरची न थांबणारी उचकी म्हणजे पुष्कळदा तुंबलेलं जठर वर छाती-पोटामधल्या पडद्याला ढुसण्या देत असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. रात्री अकराला त्यांना हिरवीगार उलटी झाली. पोट तट्ट, नगाऱ्यासारखं. म्हाताऱ्या माणसाला आडवं असताना अशी उलटी झाली की ती श्वासनळीत उतरायची भीती असते. तिथे मग आतडं बाजूला राहतं आणि जीव फुप्फुसावर जातो. आम्ही त्यांना उठवून बसवलं, नाकातून नळी घातली. पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर निघालं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८; ते साडेतीनच्या खाली जायला नको. रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी वर्षानुवर्षं घेत होते, त्यात ऑपरेशनच्या आधीचे दोन दिवस उलट्या. पोटॅशियम कमी असलं की आतड्याच्या स्नायूला आकसायचं बळच राहत नाही.

पहाटे नळीने जरा बरं वाटल्यावर मी खाटेजवळ बसले. “आप्पा, खरं सांगा. वारा सरला होता का?”

त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. बावीस खाटा. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच गावच्या पोराची बायको नवऱ्याला पाणी पाजत होती. मग हळूच म्हणाले, “न्हाई बाई. पर तुमी समद्यांदेखत इच्यारलं. आन् न्हाई म्हटलं तर घरी सोडला नसता.”

दोन्ही कारणं माझ्याच पदरात पडली. मी सबंध वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्या लेकीच्या वयाची बाई, त्यांना काय विचारत होते? आणि प्रश्नाला बक्षीस लावून ठेवलं होतं: ‘हो’ म्हटलं की चहा आणि घर. त्या दिवसानंतर मी वाकून, कानाशी विचारायला लागले. “सरला का” असं विचारण्याऐवजी “काल रात्रीपासून पोटात काय काय झालं?” असं. माणसं मग गुडगुड, कळ, ढेकर, सगळं सांगतात आणि त्यात वारा असला तर आपणहून येतो. आप्पांना पाच दिवस जास्त लागले. ऊस पोरानेच तोडून घेतला.

आतडं कसं जागं होतं ते इथे सांगते, कारण नातेवाईक याच ठिकाणी घाईला येतात. लहान आतडं काही तासांत हालायला लागतं. जठराला एक-दोन दिवस लागतात. सगळ्यात आळशी मोठं आतडं. ते दोन-तीन दिवस घेतं, आणि म्हातारपणी त्याहून जास्त. आतड्याला हात लावला की ते रुसतं, असं आमचे सर म्हणायचे. दुर्बिणीत हात कमी लागतो म्हणून रुसवा कमी, एवढाच फरक. पण म्हाताऱ्या माणसाचं आतडं ऑपरेशनच्या आधीपासूनच कुरबुरत असतं. लघवीला उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायची सवय. गोळ्या सात-आठ: रक्तदाबाची, झोपेची, लघवीची, लोहाची. त्यात आम्ही दुखण्यासाठी ट्रामाडोल देतो. ते दुखणं थांबवतं आणि आतडंही थांबवतं. आणि दुखण्याचं औषध नाही दिलं तर माणूस हालत नाही, हालला नाही की आतडंही हालत नाही. हे गणित रोज नव्याने मांडावं लागतं.

शिवाय सवयी. या कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. कितीतरी आज्यांना सकाळी मिसरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही. बाबांना बिडीचे दोन झुरके नाहीतर कडक चहा लागतो. जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाला आपण कंबरेखाली भांडं सरकवून ‘करा’ म्हणतो, पडदा अर्धवट ओढलेला, बाहेर जावई उभा. मी मिसरीची डबी जप्त करणारी कडक सिस्टर होते. तंबाखू वाईटच, त्यात वाद नाही. पण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अडलेल्या म्हातारीला तिची डबी कुठल्या वेळी आठवते आहे, हे निदान विचारायला तरी शिकले. त्याच वेळी भांड्याऐवजी खुर्चीवर बसवायचं आणि पायाखाली छोटं स्टूल द्यायचं. निम्म्या लोकांचं तेवढ्याने भागतं.

च्युइंगमचंही असंच. पुढे डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकात रुजवलेल्या पद्धतीचे वारे आमच्याकडेही आले: उपाशी कमी ठेवा, लवकर उठवा, लवकर खायला द्या, नळ्या कमी घाला. त्यात च्युइंगम होतं, कारण चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय. आमच्या निम्म्या म्हाताऱ्यांची कवळी कपाटात ठेवलेली. एका बाबांनी मला विचारलं, “सुपारी चालंल का? गमच हाय की ती.” नाही म्हणाले, पण युक्तिवाद मला आवडला.

ज्याची खरी भीती, ते मात्र रुसलेल्या आतड्यासारखंच दिसतं. पहिले दोन दिवस तरी तंतोतंत तसंच. फुगलेलं पोट, मळमळ, अंगात जोर नाही. दुर्बिणीच्या हत्याराने आतड्याला बारीकसा चटका बसलेला असतो, तो दोन-चार दिवसांनी फुटतो. किंवा भोकाच्या जागी आतड्याचा तुकडा अडकतो. तरुण माणूस यात ताप काढतो, ओरडतो, नाडी १२० वर नेतो. म्हातारा माणूस गप्प पडून राहतो. ताप येतोच असं नाही. अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडीही शहाण्यासारखी ऐंशी-नव्वदच्या घरात बसून राहते. आणि पोट दाबलं तर ‘दुखतंय’ म्हणण्याऐवजी ‘असू दे, तुम्हाला किती तरास’ म्हणतो.

आता ते सांगते ज्यासाठी लिहायला बसले.

आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने भरलेल्या, जुना खोकला. सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी वारा सरला, खरोखरच. मी स्वतः शेजारी होते आणि त्यांनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. पाचव्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास वॉर्डचा फोन वाजला. मुलगा होता. आईच्या बेंबीपाशी दुखतंय, दोनदा उलटी झाली, काय करू?

मी विचारलं, “वारा सरतोय का?”

“हो, सरतोय. सकाळी थोडं परसाकडंपण झालं.”

“मग काळजी करू नका. काही खायला देऊ नका, सकाळी ओपीडीला घेऊन या.”

फोन ठेवला आणि मी सलाईन बदलायला गेले. डॉक्टरांना कळवलं नाही. वारा सरतोय म्हणजे आतडं मोकळं आहे. वीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता.

सकाळी यायला त्यांना अकरा वाजले, कारण आधी घरच्या वैद्यांना विचारलं, मग गाडी मिळेना. आजी स्ट्रेचरवर होत्या. ताप नाही. नाडी ८८. पोट थोडं फुगलेलं, बेंबीच्या खालच्या टाक्याशी बोट नेलं की चेहरा आक्रसायचा. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी बद्धकोष्ठ लिहिलं आणि एनिमा सांगितला. तो मीच दिला. थोडं शौचाला झालंही. सून दाराशी उभी होती. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “सिस्टर, काल संध्याकाळपासून सासूबाई मला सुमन म्हणतात. सुमन त्यांची बहीण. वारून बारा वर्षं झाली. ह्यांना म्हटलं फोनवर सांगा, तर म्हणाले, त्याचा पोटाशी काय संबंध.”

तिथे मी थांबले. सरांना फोन केला. ते दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते, तरी बाहेर आले. सीटी स्कॅन झाला. बेंबीखालच्या दहा मिलिमीटरच्या भोकात, वरची कातडी छान मिटलेली आणि आतली जाड पदराची घडी सुटलेली, तिथे लहान आतड्याची एका बाजूची भिंत चिमटीत सापडली होती. खोकल्याने टाका सुटला असेल, किंवा घातलेला टाका नीट बसला नसेल. रुग्णालयाने यावर पुढे बोलायचं टाळलं, आणि मी काही त्या टेबलावर नव्हते. दुपारी पोट उघडलं. दोन-अडीच इंच आतडं काळं पडलेलं होतं. ते कापून जोडलं.

रात्री सर वॉर्डात आले तेव्हा मी त्यांना फोनचं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सिस्टर, वारा सरत होता हे खरंच होतं.” मग कागदावर काढून दाखवलं. आतड्याचं पूर्ण वेटोळं अडकलं तर वाट बंद होते आणि वारा थांबतो. पण नुसती एक कड अडकली तर उरलेल्या वाटेने वारा जात राहतो, मळही जातो, आणि अडकलेली कड तिथल्या तिथे मरत राहते. अठराव्या शतकात रिश्टर नावाच्या जर्मन सर्जनने हे वर्णन करून ठेवलं आहे, म्हणून त्याला रिश्टरचा हर्निया म्हणतात. तेव्हा दुर्बीण नव्हती. दुर्बिणीने फक्त त्याला बसायला नव्या जागा करून दिल्या. म्हणूनच दहा मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या भोकाचा आतला पदर आवर्जून शिवायचा असतो, निदान म्हाताऱ्या आणि जाड माणसांत.

आप्पा माझ्याशी खोटं बोलले होते. आजींच्या मुलाने खरं सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी फसले, कारण दोन्ही वेळा मला एका शब्दाचं उत्तर हवं होतं.

आजी तीन आठवडे राहिल्या, त्यातले सहा दिवस आयसीयूत, मध्ये न्यूमोनिया. वाचल्या. पण ऑपरेशनआधी त्या घरच्या दहा माणसांच्या भाकरी थापत होत्या. नंतर पाच महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आल्या आणि खुर्चीतच बसून राहिल्या. मला ओळखलं. “लई सोसलं गं तुमी पोरींनी,” म्हणाल्या. मी काही बोलले नाही. फोनचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आज वाटतं.

त्यानंतर वॉर्डच्या फोनशेजारी मी एक पुठ्ठा चिकटवला. उलटी किती, कोणत्या रंगाची. दुखणं कालपेक्षा कमी आहे की जास्त. ऑपरेशननंतरचं दुखणं रोज उतरायला हवं, पाचव्या दिवशी चढलं तर ते ऑपरेशनचं दुखणं नव्हे. कोणत्या भोकाशी दुखतं. आणि शेवटी: माणूस नेहमीसारखा आहे का? आमच्या मेट्रनना हे शेवटचं वाक्य हास्यास्पद वाटलं. म्हणाल्या, हे काय मेडिकल आहे का? मी पुठ्ठा काढला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात बिघडलं की पुष्कळदा आधी डोक्यात कळतं, आणि ते ओळखू येतं घरच्यांना, बहुतेक सुनेला.

पोटाच्या खोटेपणाचा आणखी एक प्रकार आहे, जो मला पुढे कधी फसवू शकला नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर एक बाबा आठव्या दिवशी ‘जुलाब लागलेत’ म्हणून आले. दिवसात दहा-बारा वेळा पातळ पाण्यासारखं. मुलाने मेडिकलमधून जुलाब थांबायच्या गोळ्या आणून दिलेल्या. मी विचारलं, त्याआधी घट्ट शौचाला कधी झालं होतं? बाबांनी बोटं मोजली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. म्हणजे हा जुलाब नव्हताच. वाटेत दगडासारखा खडा बसलेला आणि त्याच्या कडेने पातळ तेवढं पाझरत होतं. त्यावर गोळ्या म्हणजे बांधावर आणखी माती. ग्लोव्ह घातले, जेली घेतली, अर्धा तास. जास्त वर्णन करत नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातून एक डझन केळी पाठवली, तेव्हा वॉर्डातल्या पोरी दिवसभर हसत होत्या.

आता निवृत्त होऊन घरी आहे. ओळखीपाळखीचे फोन येतात, बहुधा रात्रीच. विमा कंपनीचं पॅकेज दोन दिवसांचं असतं, तिसऱ्या दिवशी म्हातारं माणूस घरी येतं, आणि जे आम्ही वॉर्डात बघायचो ते आता घरच्यांना बघावं लागतं. त्यांना कुणी ते शिकवलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात.

तुमच्या घरी असं कुणी आलं तर फिरवा, बसवून खायला घाला, पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाजा. वारा सरला का ते विचारा, चारचौघांत नको. पण पोट फुगत चाललं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, उलटी हिरवी झाली किंवा माणूस नेहमीसारखा वाटेना, तर वारा सरत असला तरी थांबू नका. एरंडेल देऊ नका, घरी एनिमा देऊ नका, कितीही जुन्या सिस्टरने फोनवर ‘सकाळी या’ म्हटलं तरी सकाळची वाट पाहू नका. रात्रीच घेऊन या.